गोडं पाणी

होळी होऊन आठेक दिवस झाले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी शटरपाशी बसून चहा पीत होतो आणि सरूमावशी तिचा टेम्पो घेऊन आली. हॉर्न न वाजवता खिडकीतून नुसता हात बाहेर काढून हलवायचा, ही तिची सवय. टेम्पोच्या मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि मासळीचा वास गॅरेजभर पसरला. अंधेरीला यारी रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे येतात, तेव्हा तो वास मला काही नवा नाही.

सरूमावशी त्याच कोळीवाड्यातली. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची, जोगेश्वरी-अंधेरीच्या बाजारात पोचवायची, हा तिचा धंदा. टेम्पो स्वतः चालवते. नवऱ्याने समुद्रावर जाणं सोडलं तेव्हा तिने हा जुना टेम्पो घेतला आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. मीच शिकवली. पहिल्या दिवशी तिने माझं फाटक तोडलं होतं.

"रतन, याचं पानी कमी व्हतंय रं," ती म्हणाली. "दर दोन दिसांनी बाटली भरतंय मी. जुनी गाडी म्हनून इतके दिस बोलले नाय."

पाणी म्हणजे कूलंट. इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरमध्ये भरतात ते हिरवं पाणी. जास्तीचं पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत असतं आणि ते कमी झालं की समजायचं, कुठेतरी गळतंय. पंधरा वर्षांची गाडी, एखादी क्लिप ढिली झाली असेल, असं मी तिला सांगितलं. दुपारपर्यंत घेऊन जा म्हटलं. अशी कामं मी डोळे मिटून करतो.

क्लिप ढिली नव्हती. पाइप सगळे कोरडे. खाली पुठ्ठा पसरून ठेवला, त्यावर थेंब नाही. रेडिएटरच्या तोंडावर हातपंपासारखं यंत्र लावून आत हवा भरली. गळती असेल तर त्याचा काटा हळूहळू खाली येतो. मी तासभर समोर स्टूल टाकून बसलो, काटा होता तिथेच. कधीकधी कूलंट इंजिनच्या आत जाऊन जळतं, पण मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधासारखं होतं. तसंही काही दिसेना. शेवटी मी झाकण बदललं आणि गाडी दिली. झाकणाचाच दोष असणार, हे मी तिला सांगितलं खरं. स्वतःला मात्र पटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती परत आली. बाटली अर्धी.

मग मी बाटलीवर मार्करने रेघा मारून दिल्या आणि तिला सांगितलं की दिवसातून तीनदा बघ आणि लिहून ठेव. तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून आणलं. पहाटे निघताना पाणी पुरेपूर असायचं. बाजार करून दीड वाजता घरी आली तरी पुरेपूर. मग ती जेवून झोपायची, कारण तिचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. पाच वाजता उठून बघितलं की एक ग्लासभर कमी. रोज तेवढंच.

मी ते पान कितीतरी वेळ हातात धरून बसलो. गाडी चालू असते, तापलेली असते, तेव्हा गळते. बंद गाडी का गळेल? इंजिन गार होताना बाटलीतलं थोडं पाणी रेडिएटर आत ओढून घेतो, ते मला माहीत होतं. पण मग रेडिएटर भरलेला सापडायला हवा. त्यातही पाणी कमी होतं.

टेम्पो तीन दिवस ठेवून घेतला. रोज सकाळी तापवला, वेसाव्याहून जुहूपर्यंत पळवला, दुपारी बंद करून सावलीत लावला. एक थेंब कमी झाला नाही. चौथ्या दिवशी मावशी घेऊन गेली आणि संध्याकाळी तिचा फोन... ग्लासभर कमी.

"कुणी काढून नेतं का?" मी विचारलं.

तिला हसू आलं. ग्लासभर हिरवं पाणी चोरून कोण काय करणार? मी तिला तेव्हाच बजावलं की ते चवीला गोड असतं आणि जहर असतं. मांजर-कुत्र्याने चाटलं तरी मरतं. माणसाची तर एका ग्लासात मूत्रपिंडं जातात. आजूबाजूला मेलेली मांजरं दिसतात का बघ. मांजरं सगळी धडधाकट होती.

गळती सापडतच नाही तेव्हा एक शेवटचा उपाय असतो. कूलंटमध्ये एक रंग मिसळायचा. साध्या उजेडात तो दिसत नाही. अंधारात जांभळ्या उजेडाची खास बॅटरी मारली की तो पिवळट हिरवा पेटतो. जिथून पाणी बाहेर आलं असेल तिथली बारीकशी रेघही चमकते. मी तो रंग घातला, दोन दिवस जाऊ दिले आणि एका गुरुवारी दुपारी चारला बॅटरी घेऊन कोळीवाड्यात गेलो.

मावशीचं घर खाडीच्या अंगाला, शेवटच्या ओळीत. घराच्या मागे जाळी ठेवायची पत्र्याची शेड आणि त्यातच टेम्पो लावलेला. बाहेर ऊन रणरणत होतं, बांबूच्या उंच वलांडीवर ओळीने टांगलेले बोंबील वाळत होते. शेडचं दार ओढून घेतल्यावर आत गच्च अंधार झाला. जुन्या जाळ्यांचा, डांबराचा, मिठाचा वास. पत्रा उन्हाने मधूनच तडतडायचा. मावशी झोपेतून उठून आली होती, माझ्यामागे उभी राहिली.

मी बॉनेटखाली बॅटरी मारली. इंजिन काळंच राहिलं. पंप, पाइप, रेडिएटरच्या जाळीची प्रत्येक पट्टी, कुठे म्हणजे कुठे चमक नाही. बॅटरी बाटलीकडे वळवली. झाकणाच्या कडेवर चार बोटांचे ठसे होते, स्वच्छ. बाटलीच्या अंगावर आणखी. टेम्पोच्या समोरच्या पत्र्यावर पूर्ण पंजा उमटला होता, कुणीतरी वाकताना तिथे आधार घेतल्यासारखा.

"तुजा हात असंल," मावशी हळूच म्हणाली.

मी माझा पंजा त्याच्याशेजारी धरला. तो ठसा माझ्यापेक्षा बराच मोठा होता.

उजेड जमिनीवर टाकला. थेंब होते. एक, पुढे हातभर अंतरावर दुसरा, मग तिसरा. ते बाहेरच्या दाराकडे जात नव्हते. ते घराच्या मागच्या दाराकडे जात होते. दाराच्या कडीवर चमक, उंबऱ्यावर चमक. मी पुढे, मावशी माझ्या शर्टाची बाही धरून मागे. घरात पडदे ओढलेले होते. स्वयंपाकघर ओलांडलं. बाहेरच्या खोलीत खाटेवर मावशीचे यजमान, भिकाजीकाका, बसले होते, पाठमोरे, मांडीवर जाळं घेऊन ते विणत होते.

भिकाजीकाकांबद्दल मी सांगायला हवं. काका तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. दीड वर्षापूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या बोटीचं इंजिन खोल समुद्रात बंद पडलं. सोबत तीन खलाशी, तिघंही तरुण. वायरलेस लागेना, बोट वाहत गेली. चौदाव्या दिवशी ती दुसऱ्या एका बोटीला सापडली तेव्हा तिच्यावर फक्त काका होते. पिण्याचं पाणी फार तर पाच दिवस पुरलं असेल, हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पुढचे नऊ दिवस कसे काढले, ते त्यांना कुणी विचारलं नाही. देवाने राखलं, असं सगळे म्हणाले. त्यानंतर काका समुद्रावर गेले नाहीत. घरात बसून जाळी दुरुस्त करायचे. मी गेलो की हसायचे, माझ्याबरोबर चहा घ्यायचे. कप हातात धरायचे आणि तसाच खाली ठेवायचे. ते मला तेव्हा जाणवलं नव्हतं, नंतर आठवलं.

पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. बॅटरी माझ्या हातात चालूच होती.

त्यांचे ओठ पेटले. हनुवटी, गळा, बनियनचा पुढचा भाग, सगळं हिरवं पेटलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा आत जीभ आणि टाळू...

"उजेड काढ रं," ते शांतपणे म्हणाले. "डोल्यांना लागतंय."

मी बॅटरी बंद केली. खोलीत एक नेहमीचा, नुसत्या बनियनवरचा, म्हातारा व्हायला आलेला माणूस बसला होता. मावशी खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली.

मग मावशीने विचारायला सुरुवात केली आणि काका एकेक करून सांगत गेले, मासळीचा भाव सांगावा तशा आवाजात. रोज दुपारी पितो. ती झोपली की पितो. पाणी गेलं नाही घशाखाली, त्या बोटीपासूनच. चहा नाही, सार नाही. मावशी म्हणाली की हंड्यातलं पाणी तिच्या एकटीपुरतंच संपतं, हे तिला दिसत होतं. पण तो बाहेर पीत असेल, नाक्यावर पीत असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

"बोटीवर पानी संपलं," काका म्हणाले. "इंजिनाच्या टाकीत व्हतं. हिरवं. पोरांनी पयलं पिलं. गोडं लागतंय बोलली. मंग मी पिलो."

"आणि पोरं...?" मी विचारलं.

"पोरं उतरली."

"कुठे उतरली?"

"पान्यात. आपल्या पायांनी उतरली." त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "मना पन बोलावत व्हती. मी बोललो, सरू वाट बघतंय."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या हंड्याकडे बोट केलं. आमच्याकडे किनाऱ्यावर पिण्याच्या पाण्याला गोडं पाणी म्हणतात, समुद्राचं ते खारं. काका म्हणाले, "तुमचं ते गोडं पानी मना खारं लागतंय आता."

मला त्या क्षणी एकच सुचलं. जहर पोटात आहे, माणूस वाचवायला हवा. मी रिक्षा आणली आणि दोघांना घेऊन इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि रक्त-लघवी तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर बोलावून घेतलं आणि विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय. त्या म्हणाल्या, मग तुमची बघण्यात चूक झाली. रोज सोडा, एकदा जरी ग्लासभर प्यायले असते तरी हा माणूस आज नसता. त्यांची मूत्रपिंडं पंचविशीतल्या मुलासारखी आहेत. मी बॅटरीबद्दल, रंगाबद्दल सांगत राहिलो. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

पण त्या दोन दिवसांत काका डोळ्यांदेखत वाळत गेले. पाणी पाजलं की दहा मिनिटांत उलटून पडायचं. ओठांना चिरा गेल्या. पोटऱ्यांची कातडी वाळक्या बोंबलासारखी झाली. दुसऱ्या संध्याकाळी नर्स चादर बदलायला आली. उलटी पडून चादर जिथे वाळली होती, तिथे ती कडक झाली होती आणि वर पांढरी साय धरली होती. नर्सने नखाने खरवडून बघितलं.

"मीठ आहे," ती म्हणाली. "ह्यांना खारं काय दिलं?"

काही दिलं नव्हतं. मीच नळाचं पाणी गाळून पाजलं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशीने सही करून त्यांना घरी नेलं. टेम्पोत मी आता कूलंट ठेवलं नव्हतं, साधं पाणी भरलं होतं. शेडमध्ये उरलेला कूलंटचा कॅनही उचलून आणला होता; टेम्पो माझ्याकडे होता तेव्हा काका त्यातूनच प्यायले असणार. मला वाटलं, सवय आहे, दारूसारखी सुटेल. चार दिवस जीव भांड्यात पडल्यासारखं काम करत होतो. पाचव्या दिवशी सकाळी मावशी चालत आली, टेम्पो न घेता. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. चार दिवसांत ती केवढी उतरली होती.

"हिरवं दे," ती म्हणाली.

मी तिला परत सगळं सांगितलं. जहर आहे. मी हातात दिलं आणि उद्या काही झालं तर मी काय करू? पोलीस मलाच विचारतील, आणि पोलिसांचं सोड, मी स्वतःला काय सांगू? ती ऐकत होती.

माझं झाल्यावर म्हणाली, "दीड वर्सं पितंय तो, रतन. त्यानं काय झालं नाय. न पिऊन मरतंय."

"मावशी... डॉक्टर म्हणतात प्यायला असता तर जगलाच नसता."

"ऐकलं मी."

"मग तो..."

तिने पदराने तोंड पुसलं. "सकाली मना उठवतो. डबा भरतंस का, विचारतो. त्याच्यापुढं मी काय विचारीत नाय. तू पन विचारू नको."

मी कॅन दिला. असं का केलं, हे तुम्ही विचाराल, आणि मला नीट सांगता येणार नाही. दिला तर माणूस मारल्याचं पाप, न दिला तरी तेच. इतकी वर्षं गाडीत काय बिघडलंय ते मी हात लावून ओळखत आलो. इथे काय बिघडलं होतं आणि काय नीट चाललं होतं, तेच मला कळत नव्हतं. दोन दिवसांनी राहवेना म्हणून बघायला गेलो तर काका ओट्यावर उन्हात बसून जाळं विणत होते. कातडी तुकतुकीत. मला बघून हसले. बसतोस का, म्हणाले. मी बसलो नाही.

त्या दिवसापासून टेम्पोचं पाणी कधी कमी झालं नाही. महिन्याला एक कॅन मावशी घेऊन जाते, तो ती घरात ठेवते, पितळी पेल्याने मोजून देते. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मावशीनेही नाही, तिने तिच्या एकवीरेची शपथ घेतली आहे.

पावसाळा आला, नारळी पौर्णिमा झाली, बोटी परत समुद्रावर गेल्या. मी हळूहळू स्वतःला समजावत आणलं होतं. जगात अशी एखादी विचित्र गोष्ट असू शकते, एकाच माणसापुरती.

गेल्या सोमवारी दुपारी बारा वाजता एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, ऑफिसला जाणारी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. दहिसरहून आले म्हणाली. एवढ्या लांबून माझ्या गल्लीत कुणी येत नाही. तिने पर्समधून औषधाची एक छोटी बाटली काढली. तळाला हिरवे चार थेंब होते.

"हे तुमच्याकडे मिळतं ना?"

मिळतं म्हणालो. गाडी कुठली, ते विचारलं, कारण गाडीप्रमाणे कूलंट बदलतं.

"गाडी नाहीये आमच्याकडे."

गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर चालू होता, तो मी जाऊन बंद केला. परत आलो तोवर ती तशीच उभी होती, बाटली दोन्ही हातांत धरून. मी विचारलं, सरूबाईंनी पाठवलंय का. तिने कपाळाला आठ्या घातल्या. कोण सरूबाई, म्हणाली. कोळीवाड्यात तिचं कुणी नव्हतं. वेसाव्याला ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"मग माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "वर्षश्राद्ध घातलं होतं आम्ही त्यांचं. शुक्रवारी परत आलेत. बोलत नाहीत फारसं. तुमचं नाव आणि ही गल्ली... तेवढंच सांगतात."

कुठून परत आले, हे न विचारता मी त्यांचं नाव विचारलं. तिने नाव सांगितलं, आडनावासकट, मग पर्समधून फोटोही काढून दाखवला. मी फोटो उजेडात नेऊन दोन-तीनदा बघितला.

त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही.